बाटलीमागचं वाक्य

मोन्फेर्रातो,
११ नोव्हेंबर २०२१, सान मार्तीनोचा दिवस

प्रिय क्लेलिया वन्सं,

पंचवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. घरात सगळे ठीक आहेत. दोन वर्षांपूर्वी तुमचा भाऊ एवाज्यो गेला तेव्हा तुम्ही पाठवलेली फुलं पोचली होती. पोच द्यायची राहिली.

गुडघे कसे आहेत? जिनोव्हाचे ते चढ तुम्हाला आता झेपत नसतील. माझी बोटं सकाळी उघडत नाहीत. छाटणी, तळघर, गिऱ्हाइकं, सगळं मार्त्सिया बघते. तुम्ही गेलात तेव्हा लेक सहा वर्षांची होती. यंदा एप्रिलच्या हिमाने खालचा उतार जाळला. आलं ते द्राक्ष मात्र चांगलं आहे.

आपल्या ग्रिन्योलिनो वाइनला लोक आता नावाने मागतात. पूर्वी "कांद्याच्या सालीचं पाणी" म्हणून हसायचे, आठवतं? आता मिलानहून माणसं येतात, ग्लास उजेडाकडे धरतात आणि त्याच फिक्या रंगाचं कौतुक करतात. मी चीज कापून देते, हसते. थकले हो त्या हसण्याला.

गेल्या रविवारी वीसेक पाहुणे होते. मार्त्सिया म्हणाली, "आई, बाबांना बियांचं कसं सुचलं ते सांग ना. तू छान सांगतेस."

मी सुरुवात केली. आमच्या बोलीत ग्रिन्योले म्हणजे बिया, द्राक्षाचं नावच त्यावरून, सगळा कडूपणा त्यांचाच. इथवर नेहमीसारखं झालं. पुढे "तेव्हा माझ्या नवऱ्याने" एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. "चीज आणते," म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मार्त्सिया मागोमाग आली. "बरं वाटत नाहीये का?"

"ते तुझ्या बाबांना नव्हतं सुचलं. आत्याला सुचलं होतं."

"कोणत्या आत्याला? भांडून गेली तिला?"

"भांडून नाही गेली गं. भांडली असती तर बरं झालं असतं."

मग तिला सांगितलं. एवाज्यो रंग गडद व्हावा म्हणून बारा-बारा दिवस रस सालींवर ठेवायचा आणि जीभ कोरडी पडेल इतकी कडू वाइन करायचा. तुम्ही एका पिंपात रोज सकाळी रस दुसरीकडे काढून, तळाशी बसलेल्या बिया मक्याची पोलेंता ढवळायच्या झाऱ्याने उपसून, रस परत ओतायचात. सहाव्या दिवशी साली बाजूला. "आमच्या ताईला पोरं नाहीत, म्हणून बिया वेचते," असं तो जेवताना म्हणायचा. मीही हसले होते. त्याच पिंपाला बक्षीस मिळालं.

आता जे लिहायचं म्हणून कागद घेतला ते.

त्या वाइनच्या बाटलीमागच्या लेबलवरचं वाक्य त्याने माझ्याकडून लिहवून घेतलं असं तुम्ही समजत असाल. तसं झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "तू पुस्तकं वाचतेस, दोन ओळी लिही. बिया काढतो ते लिही." नाव कोणाचंच घेतलं नाही. मी आधी ही रीत "या घराने" शोधली असं लिहिलं. मग ते खोडून "एवाज्योने" लिहिलं.

त्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे ठेवायचा हेही तुम्ही ठरवायचात. अकरा वर्षं. मला एक तरी गोष्ट तुमच्याशिवायची हवी होती. त्याने वाचलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "छान लिहितेस." माझ्या लिहिण्याला त्याने चांगलं म्हटलं ते तेवढंच.

तुम्ही छापील लेबल वाचलंत आणि काही बोलला नाहीत. आजच्याच दिवशी एक ट्रंक घेऊन निघालात. गावाने विचारलं की मी सांगायची, "त्यांनी सान मार्तीनो केलं." वर्षाचा करार संपून बिऱ्हाड हलवणाऱ्या कुळाबद्दल म्हणतात, तसं. जणू तुमचा त्या घरावर करारापुरताच हक्क होता.

त्या रविवारी हेही मार्त्सियाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबा खोटं बोलले?"

"बाबा गप्प राहिले. खोटं मी लिहिलं."

"लोकांना काय सांगायचं आता? पंचवीस वर्षांच्या बाटल्या गेल्यात, आई."

"खरं सांगायचं."

"सोपं आहे तुला," ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे गेली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी छापखान्याचा कागद टेबलावर ठेवला. "लिही. पण या वेळी खोडाखोड नको."

मी लिहिलं आहे: "या वाइनमधल्या बिया काढायची रीत क्लेलियाची. पोलेंताच्या झाऱ्याने तिने ती सुरू केली." बावीस तारखेला छापायला जाईल. तुम्हाला नाव नको असेल तर एका ओळीने कळवा, ती जागा कोरी ठेवीन. त्याचं नाव तिथे परत येणार नाही. वन्सं, मला त्याची रोज आठवण येते. तरीही येणार नाही.

माफी मागायला हे पत्र लिहिलं नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यासाठी तुम्ही पुष्कळ केलंत.

ते नाव खोडणारी,
तुमची भावजय
ओत्ताविया