मोहरेच्या पुस्तकातली चिठ्ठी

मंगळवार, २ डिसेंबर १९५८. नाचणगाव

शाळेतून आले तर खिडकीच्या गजात चिठ्ठी. वहीचा फाटका कागद, पेन्सिल. ‘तुमच्या मागावर माणसे आहेत. पुलावरून गेलात तर परत येणार नाही.’ खाली सही नाही.

उभ्याने तीनदा वाचली. चौथ्यांदा दाराला कडी लावून. परवा पुलगावच्या बाजारात हातभट्टीवाल्यांची नावं घेऊन बोलले तेव्हा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. आज पाणी पिताना फुलपात्र दातांवर वाजलं.

वाक्य ओळखीचं वाटतं. कुठे वाचलं?

बुधवार, ३ डिसें.

पहाटे आठवलं. डिटेक्टिव्ह मोहरेची पुलावरच्या खुनाची कादंबरी. खुनी मोहरेला धमकी धाडतो, ती हीच. शब्दही न बदलता. पुस्तकात मोहरे चिठ्ठी वाचतो, तोंडात लवंग टाकतो आणि मुद्दाम पुलावरून जातो.

मी मोहरे नाही. पुलगावला वाचनालयात जाताना पूल टाळला, रुळाच्या कडेकडेने गेले. परतही तशीच आले.

देवरावजी पुस्तकं झटकत होते. वाचनालय म्हणजे त्यांची पुढची खोली. “या बाई. तुमच्या म्हाताऱ्याचं नवं पुस्तक आलं.” मोहरेला ते म्हातारा म्हणतात. त्यांचा लाडका कॅप्टन हंबीर: पिस्तूल, घोडा, दर तिसऱ्या पानावर उडी. आमचं भांडण जुनं. माझं म्हणणं, हंबीर गुन्हेगार पकडतो, मोहरे गुन्हा समजून घेतो. देवरावजींचं म्हणणं, “समजून घेऊन काय लोणचं घालाचं त्याचं?”

आज भांडले नाही. पुलाची कादंबरी कोणाकोणाच्या नावावर आहे, एवढंच विचारलं. रजिस्टरात दोन नावं. एक माझं. दुसरं दवाखान्यातले कंपाउंडर गुलाबराव.

(व्यासपीठावरून मी पोरांना सांगते, तत्त्वज्ञान वाचा, इतिहास वाचा. पिशवीत तत्त्वज्ञान वर असतं, मोहरे खाली. कुणाला ठाऊक नाही.)

गुरुवार, ४ डिसें.

दूधवाला सकाळी ओट्यावर बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, “बाई, काल सांजच्याले पुलावर तिघं बसून होते. काठ्या घेऊन. मले इचारलं, मास्तरीणबाई काऊन नाई आली अजून.”

दूध उतू गेलं. 

शनिवार, ६ डिसें.

दुसरी चिठ्ठी. तोच कागद, तोच गज. ‘मागचे दार लावून घ्या. पाहुणा तिकडून येतो.’ मोहरे, प्रकरण सातवं.

भीतीनं डोकं चालत नाही, पण मोहरेची शिस्त पाळायची ठरवलं. आधी कागद, मग शाई, मग हात. कागद शाळकरी वहीचा, तो कुठेही मिळतो. पेन्सिल बोथट. अक्षर मोठं, सुटं, आणि अक्षरांवर रेघ नाही. एकाही शब्दावर नाही. असं कोण लिहितं? घाईतला माणूस, रोज शंभर चिठोऱ्या लिहिणारा. कपाटातली खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. ‘दिवसातून तीन वेळा.’ वर रेघ नाही.

गुलाबराव.

मागच्या दाराला कडी, अडसर, वर जातं ओढून लावलं.

रविवार, ७ डिसें.

सकाळी पाहिलं. मागच्या दाराच्या चौकटीला बाहेरून पहार लावल्याच्या खुणा. लाकूड तीन ठिकाणी पिचलंय. अडसर नसता तर...

दुपारी गावात सभा. जाऊ नये वाटत होतं. गेले आणि उभी राहताच राग आला. दोन्ही चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. म्हटलं, “हा भेकड कोण, ते अक्षरावरून आठ दिवसांत सांगीन!” टाळ्या थांबेनात. मग चिठ्ठ्या खाली दिल्या, म्हटलं हातोहात फिरवा, ओळखा. शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. परत आल्या तेव्हा घामाने ओल्या झाल्या होत्या.

गेलं वर्षभर मोहरे वाचून मला नेमकं हेच करायचं होतं. सगळ्यांना एका जागी गोळा करायचं आणि बोट दाखवायचं.



सोमवार, ८ डिसें.

बायकांच्या दुपारच्या साक्षरता वर्गाला चौदातल्या तेराच. सुभद्रा नाही. कापूस वेचायला गेली असेल म्हणावं, तर वेचणीच्या दिवसांतही ती कधी चुकली नाही. सगळ्यांत आधी येऊन ओटा झाडणारी. बाकीच्या आज खाली मान घालून बसल्या होत्या. मी चिठ्ठ्यांचा विषय काढला तर गयाबाईने पाटी पुसायला घेतली. कोरीच होती.

मंगळवार, ९ डिसें.

गुलाबरावांना गाठलं. दवाखान्याच्या मागे, बाटल्या धूत होते. दोन्ही चिठ्ठ्या समोर धरल्या आणि सरळ विचारलं. आधी त्यांना कळेना. मग हसले, मग रागावले.

“बाई, बाटलीवर रेघा मारत बसलो तं पेशंट मरून जाईल. म्हणून नाई मारत.”

“आणि पुस्तक तुमच्या नावावर आहे ते?”

“नंबर लावला म्हणून नाव आहे. हातात कधी आलं? आगस्टापासून तुमच्याचकडे होतं. मी दोनदा निरोप धाडला, द्या म्हणून. देवरावजीले इचारा. तुमचं भाषण आयकाले मी सायकलवर येतो बाई, आन् तुम्ही मले...”

 बाटल्या घेऊन आत गेले. उद्या माफी मागायची.

पुस्तक माझ्याकडे का राहिलं? रस्त्यातच पाय थांबले.

बायका बालबोध पुस्तकाला कंटाळल्या होत्या. ‘कमल घर बघ’ म्हटलं की झोपायच्या. म्हणून एक दिवस मी मोहरे वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळेआधी हजर. मग लिहायलाही त्यातलंच घालू लागले. खुन्याच्या चिठ्ठ्या छोट्या होत्या, वाक्यं सोपी होती. आणि शिकवायची रीत माझीच: आधी नुसती अक्षरं, हात बसला की वर रेघ. अजून एकीलाही मी रेघ शिकवलेली नाही.

मोहरे माझ्यावर थुंकला असता. पहिला संशय घरच्यांवर घ्यायचा, हे तो पहिल्या प्रकरणातच सांगतो.

मनातलं लिहिता येईल इतकं अजून कुणालाच येत नाही. मी पाठ करून घेतली तेवढीच वाक्यं त्यांच्याजवळ आहेत. त्यांतून जिने ही दोन निवडली, ती मला भिववत नव्हती. ती मला पूल टाळायला सांगत होती, दार लावायला सांगत होती. आणि मी तिला भर सभेत भेकड म्हटलं. तिचं अक्षर गावभर फिरवलं.

बुधवार, १० डिसें.

गयाबाईला शाळेच्या विहिरीवर एकटी गाठली. आधी नुसती रडली. सुभद्राच.

नवरा नामदेव भट्टीवर कामाला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी. घरात बसून त्यांचे बेत चालायचे, ती चुलीपाशी ऐकायची. रविवारी चिठ्ठी नामदेवच्या हातात आली. त्याला वाचता येत नाही. “पण बाई, तिच्या घरची भिंत सारी कोळशानं भरली हाये. रोज तीच अक्षरं पायते तो. न वाचता ओयखलं त्यानं.”

पाटी फोडली. सोमवारपासून ती कुणाला दिसली नाही. तो सांगतो माहेरी धाडली, गिरडला.

गुलाबरावांकडे जाणं राहिलं.

गुरुवार, ११ डिसें.

नामदेव शाळेच्या फाटकापाशी आला. स्वच्छ टोपी, हात जोडलेले. पोरी खेळत होत्या.

“रविवारी पुलगावात सभा हाये म्हणते.”

“आहे.”

“तुमी बोलू नका बाई. सोमवारी सुभद्रा वर्गाले येते.”

“आणि बोलले तर?”

“मंग कशी येईल?” हसला. “मी पुढंच बसतो. आयकाले.”

पुन्हा नमस्कार करून गेला. मी फाटकाची कडी धरून उभी होते. सुटेना. एका मुलीने विचारलं, बाई, थंडी वाजते का?

शनिवार, १३ डिसें.

काल गिरडला गेले. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर, तीन गाड्या बदलून. दर्ग्याच्या टेकडीखाली तिच्या आईचं घर. म्हातारी तूर निवडत होती. “सुभद्रा? पोयाचा सण झाल्यापासून नाई आली माय. काऊन, काई झालं का?”

काही नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चहा पाजला तिने. रात्र समुद्रपूरला काढली, आज दुपारी परत.

चौकीवर गेले. जमादार म्हणाला, “नवरा-बायकोचा मामला आहे बाई. भाषण करा, पण याच्यात पडू नका. सोमवारी पाहू.”

वीस वर्षं बोलते आहे. सत्य दडपू नये, जीव गेला तरी. तेव्हा तो जीव माझा धरला होता.

रविवार, १४ डिसें.

सभा चार वाजता. आता पावणेतीन.

गयाबाई धावत आली. नदीच्या अंगाला भट्टीवाल्याच्या वावरात झोपडी आहे, कपाशीच्या पऱ्हाटीच्या मधात. ती सकाळी वेचायला गेली होती. दार बाहेरून तारेने बांधलेलं. आत कोणीतरी खोकतं. हाक मारली तर खोकणंही थांबलं.

नामदेव आणि भट्टीवरचे सगळे दोन वाजल्यापासून सभेच्या मांडवात पुढे बसलेत, मी बोलते की नाही ते पाहायला. म्हणजे वावरात आत्ता कुणी नाही. असेल तर एखादा. गयाबाईला नक्की ठाऊक नाही. झोपडीत दुसरंच कुणी असेल, तेही ठाऊक नाही.

देवरावजींकडे माणूस धाडला होता. ते स्वतःच बैलांची दमणी जुंपून आले, मांडवातलं त्यांनीच सांगितलं. दमणी तुम्ही न्या, मी परत जाऊन सभा सुरू करून देतो म्हणाले, तुम्ही येतच आहात असं सांगत राहतो. “आज आमच्या हंबीरचं काम हाये बाई, तुमच्या म्हाताऱ्याचं नाई.” हसता आलं नाही मला. त्यांनाही.

पक्कड घेतली. घोंगडी, पाण्याचा तांब्या. वर्गातल्या सात जणी दमणीत बसल्या आहेत. बाकीच्या आल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही.

 आत्ता गयाबाई दारात आली. तिला सांगितलं, मला फार भीती वाटते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं हे.

ती म्हणाली, “आमाले काय नाई वाटत? चाला बाई, ऊन उतरून राह्यलं.”