चौथा खिळा

अप्पा,

माझी सकाळची शाळा आहे, निघते. वरणभात झाकून ठेवलाय. जेवणाआधी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करा. वाकून, भरलेला तांब्या धरून हात झुलवायचा. मग उजव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत न्यायची आणि पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करायची.

ट्राममधून पडलात त्याला दोन महिने झाले. तीन आठवडे खूण तुमच्या कानाच्या वर गेलेली नाही. मीही नागपूरच्या नव्या शाळेला कळवत राहिले, वडिलांचा खांदा बरा झाला की रुजू होते.

काल संध्याकाळी वह्या तपासता तपासता मला झोप लागली. जाग आली तेव्हा मच्छरदाणी चारही कोपऱ्यांना बांधलेली होती. खिडकीवरच्या त्या चौथ्या खिळ्यापर्यंत माझा हात स्टुलाशिवाय पोचत नाही, आणि स्टूल परवापासून शेजारच्या बोसबाबूंकडे आहे. घरात आपण दोघंच. गाठही एका हाताने बसत नाही, अप्पा.

भांडायचं त्राण नाही. झोप मात्र छान लागली.

आज खूण खरी करा. मी जावं की राहावं, हे त्या भिंतीला विचारू नका. मला विचारा.

मालू