घरात घेऊ नये असा माणूस

पप्पा, काल स्त्रियांच्या सभेत बायबलातल्या योहानाच्या दुसऱ्या पत्रावर बोलायची पाळी माझी होती, आणि बोलताना मला मुलुंडचं आपलं स्वयंपाकघरच दिसत राहिलं. ऐंशीनंतरची ती वर्षं. आपल्या मंडळीत, चर्चमध्ये, हार्मोनियम वाजवणारा माणूस कांजूरमार्गच्या एका प्रार्थनासभेला जायला लागला होता. तिथे हात वर करून, टाळ्या वाजवून गातात म्हणून मंडळीचे पंच भडकले होते. तुम्ही पाळक, त्यांच्या आग्रहावरून रविवारी याच पत्रावरून उपदेश केलात, की खोट्या शिक्षकाला घरात घेऊ नका, त्याला सलामही करू नका असं शास्त्र सांगतं. नाव घेतलं नाहीत, पण सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

गुरुवारी तो आपल्या दारात उभा आहे, चपला न काढता, उंबऱ्याबाहेर. आई बोंबील साफ करताना थांबते आणि तुमच्याकडे बघते.

"पाळकसाहेब, मी बाहेरच थांबतो," तो म्हणतो. "आई गेली माझी. खांदा द्यायला कुणी येत नाही."

तुम्ही त्याचा हात धरून त्याला आत आणलंत. आईनं चहा टाकला. त्याच्या आईला माती देऊन आलात ते तसेच ओट्याशी बसलात आणि ते पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलंत. पानभराचं तर आहे. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलंत, आणि हे त्याच्याबद्दल नाहीच, असं काहीतरी पुटपुटलात.

रविवारी तुम्ही पाळकाचा पांढरा झगा घालून उपदेशाला उभे राहिलात आणि म्हणालात, "मागच्या रविवारी मी या पत्रातली एक ओळ उचलून एका भावाला मारली. माझं चुकलं. आज सगळं पत्र वाचतो." मग समजावून सांगितलंत, की योहानाच्या काळी शिक्षक गावोगाव फिरायचे, मंडळी घरातच जमायची, म्हणून घरात घेणं म्हणजे त्याच्या शिकवणीला जागा देणं. आणि इशारा होता तो ख्रिस्त खरोखर माणसाच्या देहात आलाच नाही म्हणणाऱ्यांबद्दल. आपला भाऊ असं कधी म्हणालाय का, विचारलंत.

थोरले पंच उठले. "म्हणजे खोटे शिक्षक नसतातच म्हणा ना."

"असतात. आले तर दार मी स्वतः लावीन. पण आधी इशारा कुणाबद्दल आहे ते तरी वाचू या."

मग खाली उतरून, सगळ्यांदेखत तो बसला होता त्या शेवटच्या बाकापर्यंत गेलात आणि त्याला सलाम केलात. तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस भर देवळात माझं चुकलं म्हणतो आणि त्यानं लहान होत नाही, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. पुढच्या वर्षी पंचांनी आपली बदली करवली. तुम्ही सामान बांधलंत, तक्रार केली नाहीत.

तुम्ही आता नाही, हे पाठवायचं तरी कुठे? त्या रविवारी घरी येताना तुमच्याशेजारी चालत मला तुम्हाला खूप काही सांगायचं होतं. जीभच उचलेना. शेवटी म्हणाले, "पप्पा, झगा मळलाय, धुवायला टाका."