ओल्या फरशीवर पाय ठेवू नकोस

निनाद,

दार उघडू नकोस. आधी वॉचमनकडून मीटरखोलीची किल्ली घे आणि आपला मेन स्विच बंद कर. फरशी धुण्याच्या मशीनची टाकी गळून हॉलभर पाणी झालंय. मशीन अजून चालू आहे. पाणी पार सॉकेटपर्यंत गेल्यामुळे मला बटण बंद करता आलं नाही.

आई अनवाणी होत्या, त्यांना शॉक बसला. लाकडी पाटाने ढकलून मी त्यांना बाजूला केलं. त्या श्वास घेताहेत, पण बोलत नाहीत. सलीमभाईंच्या रिक्षातून त्यांना नाशिकरोडला दवाखान्यात नेतेय. कामावर तुझा फोन बंद असतो, म्हणून चिठ्ठी.

मशीन धरलं की हाताला मुंग्या येतात, असं आई आठवडाभर सांगत होत्या. तू हसलास, मीही हसले. डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगू?

केतकी