गादीतला खळगा

मी, खाली सही करणारी, स्फटिकांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली बाई, दोन लेकरांची आई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका आल्यास साक्षीदार डॉक्टरीणबाईंना विचारावे, त्यांनी माझी चांगली उलटतपासणी घेतली आहे.

कलम एक. पुस्तके, भिंगे व चिमटे मुलाला. घर त्याला नाही. त्याचे स्वतःचे आहे, आणि रुसवा त्याला फार दिवस पेलत नाही.

कलम दोन. आमचे विभागप्रमुख माझ्या अभ्यासातल्या पोलरॉनला जन्मभर "बाईंचा खोटा कण" म्हणत आले. मी भट्टीत वाढवलेला मिठाचा स्फटिक त्यांना द्यावा. चघळत बसा म्हणावे!

कलम तीन. घर व शिल्लक लेकीला. अट एकच, घर विकायचे. ती पूल बांधणारी. लांबच्या पुलाचे बोलावणे तिने माझ्यापायी परतवले. "तुला टाकून मी कुठे जाऊ गं?" म्हणते. बाळा, मी गेल्यावरही तू याच खोल्या झाडत बसशील, याची मला फार भीती वाटते.

कलम चार. प्रयोगशाळेतले अजून विचारतात, "बाई, तुमची गादी कोण चालवणार?" माझ्याकडे एकच गादी आहे, कापसाची. तिच्यात ह्यांच्या कुशीचा खळगा आहे. हे गेले, तरी तो मी बुजू दिला नाही. लहानपणी लेक त्याच खळग्यात बसून विचारायची, "आई, पोलरॉन म्हणजे काय गं?"

"इलेक्ट्रॉन स्फटिकात शिरला की शेजारचे अणू जरा सरकतात, खळगा पडतो. त्या खळग्यासकट चालणारा इलेक्ट्रॉन म्हणजे पोलरॉन."

"मग तो अडकतो?"

"कधी कधी अडकतो. नाहीतर नुसता जड होतो, आणि चालतो."

"आणि मागचा खळगा?"

"मागचे अणू जागेवर येतात. खळगा त्याच्याबरोबर पुढे जातो."

म्हणून, गादी पिंजून घ्यावी. खळगा मोडला म्हणून रडत बसू नये. त्या कापसाची एक उशी करून लेकीने पुलावर जावे. जड वाटेल गं. जड वाटले तरी जा.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, भट्टी सांभाळणारे काका (डोळे पुसून सही केली).
दिनांक: आजचा, लेक बाजारात गेली तेवढ्या वेळात.
ठिकाण: गादीवर, खळग्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला.
सही: आई