मागच्या बाईला ऐकू आलं का

बाबा, परवा तुमचा भोंगा माळ्यावरून खाली काढला. काठाला पोचा आलेला, तोच. आई खालून ओरडली, "काहून काढून राहिली वं त्याले? माणूस गेला, आता त्या टिनाचं काय करतं?" मी म्हटलं, अड्याळ गावात माझी फिल्म दाखवायची आहे, बाबांशिवाय कशी दाखवू? ती फडकं घेऊन आली.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रेत नाटकं लागायची, त्यांना तुम्ही माईक आणि भोंगे भाड्याने द्यायचा. मी लहान आहे, सतरंजीवर अगदी पुढची जागा धरून बसले आहे, पेटीवाल्याने सूर धरला आहे, आणि तुम्ही मला दंडाला धरून उठवता. "पुढं बसून काय आयकून राहिली? पुढच्याले तं तसंही आयकू येते. मांगं जाय, थ्या शेवटच्या बाईले आयकू येते का इचारून ये." मी पाय आपटत, गर्दीतून वाट काढत बैलगाड्यांपर्यंत जाते. शेवटच्या गाडीतली बाई मान हलवत नाही तोवर तुम्ही पडदा उघडू देत नव्हता. एकदा तर खुर्चीवरचे पुढारी चुळबुळत होते, नाटकाचा मालक खेकसत होता, आणि तुम्ही निवांत खांबावर चढून भोंग्याचं तोंड वळवत होता. मला भारी राग यायचा तुमचा. परत येईपर्यंत माझी पुढची जागा कुणीतरी पटकावलेली असायची.

तुम्ही गेल्यावर मी कॅमेरा घेतला. लग्नं केली, बारशी केली, बचत गटांचे माहितीपट केले, ज्यात बायांपेक्षा साहेबच जास्त बोलायचे. त्या कमाईवर स्वतःच्या मनाच्या फिल्मा केल्या. लोक विचारतात, भंडाऱ्यात राहून कुठे सिनेमे होतात का? होतात. हट्ट लागतो, आणि तो मला घरूनच मिळाला आहे. यंदा अड्याळात धान रोवणाऱ्या बायांवर फिल्म केली. अख्खा पावसाळा त्यांच्यासोबत चिखलात उभी होते. पहिल्याच दिवशी त्यांच्यातल्या म्होरक्या बाईने कमरेवर हात ठेवून अट घातली होती, "काढ आमाले, पण पयले आमाले दाखवजो, मंग दुनियेले." मी हो म्हटलं होतं.

मग एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते. फक्त त्यांचीही अट तीच, फिल्म आधी कुठेही दाखवलेली नको. माझा नागपूरचा एडिटर म्हणाला, "गावात गुपचूप दाखवून दे ना, कोणाले माहीत पडते?" मला हसूच आलं. भोंगेवाल्याची पोर गुपचूप काय दाखवणार? महोत्सवाला नकार कळवला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, दोन घास कमीच गेले त्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोवर माईक बांधला आणि गावभर स्वतः पुकारत फिरले. आईने कपाळाला हात लावला.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत पडदा ताणला. शेजारच्या बांबूवर तुमचा भोंगा चढवला. आवाज जुळवायला सुरुवातीचा तुकडा चालवला, तर पुढे बसलेल्या रोवणीच्या बाया एकमेकींना ढोसायला लागल्या. "अवं पाह्य ना, माही तं नुसती पाठच दिसून राहिली!" मी त्यांना तसंच सोडलं आणि चालत मागे गेले, पार शेताच्या कडेला धुऱ्यावर शाल गुंडाळून बसलेल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत. विचारलं, "आजी, आयकू येते का?" तिने पडद्याकडे नाही, बांबूकडे पाहिलं.

"येते ना माय. तुह्या बाबाचा भोंगा हाये थो. थो कई धोका देते का?"

मी पुढे आले आणि फिल्म सुरू केली.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं, ते मला माहीत नाही. भोंग्यासोबत माळ्यावरच ठेवीन. एक मात्र सांगायचं राहिलं. आवाज पडद्यामागच्या नव्या स्पीकरांतून येत होता, बाबा. तुमच्या भोंग्याची कॉइल कधीचीच जळाली आहे, त्याला मी वायरसुद्धा जोडली नव्हती. म्हातारीला तेवढं सांगितलं नाही.