खिडकीतल्या बाईची संध्याकाळ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितोय. मी फोन हातात घेतला की आईला नेमकं दारापाशी काहीतरी पुसायचं असतं. तूही उत्तर घरी पाठवू नकोस, वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव. तिथे मोडक्या लिफ्टशिवाय माझी वाट कुणी पाहत नाही.

बेत असा आहे. आई संग्रहालयातून निवृत्त झाली त्याला वर्ष होत आलं. त्या दिवसापासून तिने तिकडे पाऊल टाकलेलं नाही. निरोपाच्या भाषणात नव्या संचालकांनी तिचं नाव चुकवलं, ते अजून तिच्या मनातून जात नाही. दिवसभर बाहेरच्या खोलीत बसते आणि समोर ती भलीमोठी रिकामी भिंत. म्हटलं, तिचं चित्र तिला घरी आणून द्यावं. तेच, खिडकीतल्या बाईचं. बावीस वर्षं त्याच्यासमोर उभी राहून ती आल्यागेल्याला ते समजावून सांगत होती, त्यामुळे दुसरं कुठलं चित्र घ्यावं हा प्रश्नच नव्हता.

हल्ली चित्रांच्या छापील प्रती फार चांगल्या निघतात म्हणे. संग्रहालयाच्या दर्जाच्या. जाड सुती कॅनव्हास, न उडणारी शाई, मागे लाकडी चौकट आणि तिच्यावर कापड ताणून बसवलेलं. त्या छापणाऱ्या दुकानातल्या बाई इतक्या हळू बोलतात की आपण दवाखान्यात आलोय असं वाटतं. त्यांनी एक छोटा नमुना छापून दिला. मी तो मोठ्या हौसेने आईपुढे धरला. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली की हे ते चित्र नाही.

रंग साफ वेगळा आहे म्हणते. दुकानातल्या बाई म्हणतात की फोटो थेट संग्रहालयाकडून आलाय, त्यात त्यांनी तसूभरही फरक केलेला नाही. दोघींपैकी कुणीतरी चुकतंय. मला तर त्या बाईंचा तो हळू आवाजच संशयास्पद वाटायला लागलाय. तुला काय वाटतं ते कळव.

मुलांना पापा. लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा
छोटू


१० मार्च

चि. छोटूस,
अ. आ.

पत्र मिळालं. आईसाठी एवढं सुचलं म्हणून तुझं कौतुक करणार होते, पण पुढचं वाचून थांबले. अरे, संग्रहालयाचा दर्जा म्हणायला कुणाचं काय जातं? आमच्या औषधांच्या दुकानात दर तिसरी तेलाची बाटली परदेशी दर्जाची असते. तू लहानपणी रंगीत खडू म्हणून मेणबत्तीचे तुकडे घेऊन आला होतास, तेव्हापासून तुला कुणीही काहीही विकू शकतं. दुसऱ्या दुकानात जा. तिथेही नमुना माग आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नकोस. मागे मी आले होते तेव्हा आईने मला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली. तेव्हा मी काही बोलले नाही. आमच्याकडे गोळ्या न्यायला येणारी माणसं सांगतात, सुरुवात अशीच होते. रोजची कामं बिनचूक होतात आणि एखादी जुनी, अगदी ओळखीची गोष्टच अनोळखी वाटायला लागते. बावीस वर्षं पाहिलेलं चित्र ती ओळखत नसेल, तर दोष दुकानाचाच आहे असं कशावरून?

तिला कळू न देता लक्ष ठेव. अधूनमधून सहज तारीख विचार, वार विचार. घाबरवायचं नाही, पण गाफीलही राहायचं नाही.

तब्येतीला जप, आणि ताईची आठवण नुसती संकटात काढत जाऊ नकोस.

तुझी
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं दुसरं दुकान गाठलं. हे स्टेशनरीवाल्याच्या वरच्या मजल्यावर आहे, मालक दाढीवाले आणि तिरसट. त्यांचा नमुना आणि पहिल्या दुकानाचा नमुना शेजारी ठेवले. काडीचाही फरक नाही. दोन्हींत तोच स्वच्छ निळसर उजेड.

आईने दोन्ही खिडकीपाशी नेऊन पाहिले. मग म्हणाली की चित्रात संध्याकाळ आहे, यांनी सकाळ करून ठेवली आहे. मी म्हटलं, छपाईत रंग थोडा इकडेतिकडे होतो. त्यावर तिने बोट ठेवून दाखवलं. खिडकीबाहेर जो रस्ता दिसतो ना, त्याच्या पार टोकाला एक माणूस आहे. नखाएवढा, पाठीवर काहीतरी घेतलेला. आई म्हणते, हा माणूस चित्रात नव्हता. रस्ता रिकामा होता. रंग बदलतो हे ती मान्य करते, पण छपाईतून माणूस कसा उगवतो, असं तिने मला विचारलं.

आता तिने ठरवूनच टाकलंय की संग्रहालयातलं खरं चित्र कुणीतरी उचललं आणि जागी खोटं टांगलं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात ते दालन बंद होतं आणि अनोळखी माणसं लाकडी खोकी नेत होती, असं सांगते. बाकी ती अगदी व्यवस्थित आहे. तारीख विचारली तर सांगते, वर मला विचारते की वर्कशॉपमध्ये कॅलेंडर नाही का. आठवड्यात तीनदा विचारल्यावर आता माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली आहे.

काय करू ते लवकर लिही. तुझ्या धीरावर इथला गाडा चाललाय.

छोटू


२४ मार्च

चि. ताईस,
अनेक उ. आ.

तुझं एक पाकीट दहाएक दिवसांपूर्वी वर्कशॉपच्या मुकादमाने घरी आणून दिलं. छोटू कामावरून लवकर निघाला होता, त्यांना वाटलं महत्त्वाचं असेल. मी ते उघडलं नाही, छोटूच्या उशीवर ठेवलं. पण सख्खी बहीण भावाला वर्कशॉपच्या पत्त्यावर लिहिते आणि तो भाऊ सारखा आईला आज वार कोणता म्हणून विचारतो, या दोन गोष्टी जोडायला फार डोकं लागत नाही. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे काहीतरी शिजवताय. काय, तेही मला कळलंय. वाईट वाटलं.

आता माझं ऐक. त्या चित्रासमोर मी बावीस वर्षं बोलले. शाळेची मुलं, नवी जोडपी, पाय दुखतात म्हणून बाकावर टेकलेली माणसं, सगळ्यांना मी तेच सांगितलं. संध्याकाळ झाली आहे, दिवा अजून लावलेला नाही, रस्ता रिकामा आहे आणि ही बाई वाट पाहते आहे. ज्याची वाट पाहते तो येणार नाही, हे तिच्या हातांवरून कळतं. इथे आले की लोक गप्प व्हायचे. एका बाईंनी एकदा डोळे पुसले होते. त्या रस्त्यावर माणूस असता तर हे सगळं मी सांगितलं असतं का?

म्हणून मी गुरुवारी तिथे जाणार आहे आणि सगळ्यांसमोर विचारणार आहे की खरं चित्र कुठे गेलं. माझं नाव चुकवणाऱ्या माणसाच्या हाती ते दालन आहे, तेव्हा मला कशाचंच नवल वाटणार नाही. मला अडवू नका. आणि डॉक्टर वगैरे मनात असेल तर ते मनातच ठेव.

जावयांना आशीर्वाद. माया आहेच, पण सध्या जरा रागावलेली आहे.

आई


२६ मार्च

चि. छोटूस,
अ. आ.

आईचं पत्र आलं. चार वेळा वाचलं. अक्षर ठाम आहे, वाक्यं सरळ आहेत, पण मजकूर भलताच आहे. चोरीचा आळ, वर तू लिहिलेली ती अनोळखी माणसं आणि खोकी. तुमच्याकडच्या डॉक्टरांची आठ एप्रिलच्या सोमवारची वेळ मी फोनवरून घेऊन ठेवली आहे. तिला अजून सांगू नकोस.

पण एक गोष्ट मला छळते आहे. मी आठवीत असताना शाळेची सहल तिथे गेली होती. आई सगळ्या वर्गासमोर बोलत होती आणि मी मागे लपून उभी होते, कारण मैत्रिणी चिडवतील अशी भीती. तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळून तो रस्ताच बघत राहिले होते. पिवळा, धुरकट आणि रिकामा. मला तो तसाच आठवतो. तिथे कुणी नव्हतं, छोटू. मग आईची आठवण चुकत असेल, तर माझीही चुकते आहे का? की तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकून मलाही तसं दिसायला लागलंय? काहीच कळेनासं झालंय.

गुरुवारी तिला एकटीला सोडू नकोस. रजा घे. ती ओरडली तर ओरडू दे, फक्त हात धरून राहा. काय झालं ते त्याच दिवशी लिही.

तुम्हा दोघांच्या काळजीत असलेली,
ताई


२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. जसं झालं तसं लिहितो.

तिकीट खिडकीवरच्या मुलीने आईला ओळखलं नाही. आईने रांगेत उभं राहून तिकीट घेतलं आणि कुणाला काही न विचारता तडक त्या दालनात गेली. मी मागे. चित्रासमोर पोचली आणि थांबली. ताई, तिथेही तेच होतं. निळसर सकाळ, आणि रस्त्याच्या टोकाला तो माणूस. आई पहारेकऱ्याला मोठ्याने म्हणाली की हे चित्र खोटं आहे, खरं कुठे ठेवलंय ते सांगा. लोक वळून बघायला लागले. मला भिंतीत शिरावंसं वाटलं, पण तू सांगितल्यामुळे हात सोडला नाही.

मग आतून चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या विभागाचे प्रमुख आले. चाळिशीचे असतील, कोपरापर्यंत रंगाचे डाग. ते आईला चांगले ओळखत होते आणि नावही बरोबर घेतलं. चिडले नाहीत. आईने शांतपणे सगळं सांगितलं. रंग, उजेड, माणूस, खोकी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की तुमचं बरोबर आहे, चित्रात हे काहीच दिसत नव्हतं. गेलं वर्षभर त्यांनी ते साफ केलं. वरचं वॉर्निश जुनं होऊन पिवळं पडलं होतं, त्यावर दिव्यांची काजळी. ते काढल्यावर खालचा निळा निघाला. तो माणूसही मूळचाच आहे. पुढे कधीतरी कुणीतरी त्याच्यावर तपकिरी रंग फासून त्याला झाकून टाकलं होतं. त्या खोक्यांत त्यांचीच हत्यारं होती. अर्धं चित्र पिवळं आणि अर्धं निळं असतानाचे फोटो त्यांनी आत नेऊन दाखवले. आईला कळवायचं कुणाला सुचलं नाही, याबद्दल माफीही मागितली.

आईने फक्त एकच विचारलं. तो माणूस येतोय की जातोय? ते म्हणाले की यावर अजून कुणाचं एकमत नाही.

मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिची आठवण पक्की होती, चुकलो आपण. मी तसं म्हणालोही. ती बाकावर बसली. तेवढ्यात नवी मार्गदर्शक एक शाळा घेऊन आली आणि सांगायला लागली की सकाळ झाली आहे, खिडकी नुकतीच उघडली आहे. आई शेवटपर्यंत ऐकत होती. मुलं गेल्यावर तिने मला विचारलं की आपण किती लोकांना खोटं सांगितलं असेल. मी म्हटलं की तेव्हा दिसत होतं तेच तू सांगितलंस. ती म्हणाली की दिसत होती काजळी, गोष्ट मी बनवली.

तेव्हापासून गप्प आहे. तिला घरी सोडून संध्याकाळी पहिल्या दुकानातल्या बाईंना मी सगळं सांगितलं, उगाच त्यांच्यावर संशय घेतला म्हणून ओशाळलोही. त्या म्हणतात, सफाईच्या आधीचा चांगला फोटो आहे, हवी तर संध्याकाळचीच प्रत छापून देते, तोच कॅनव्हास, तीच चौकट. मला वाटतं तीच घ्यावी. तिचं चित्र तिला परत मिळेल. पण ठरवायचा धीर होत नाही. तू सांगशील ते करतो.

छोटू


२ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

छोटूचं पत्र आलं. त्याला उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं की पुन्हा तुझ्यापाठीमागे ठरवायला निघालो आहोत. म्हणून तुलाच लिहिते. चित्र कुठलं घ्यायचं ते तू ठरव.

चित्र बदललं असेल हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. तू बदललीस, एवढंच आलं. डॉक्टरांची वेळ मी घेतली होती, छोटूने नाही. त्याच्यावर रागावू नकोस. आठवीत मी तुझ्या गटात मागे लपले होते, तरी तू सांगितलेलं शब्दन् शब्द अजून पाठ आहे. ते खोटं होतं असं मी कुणाला म्हणू देणार नाही, तुलाही नाही.

एक ओळ तरी लिही. नाहीतर नुसतं कोरं पाकीट पाठव, मी समजेन.

तुझी
ताई


१२ एप्रिल

चि. ताईस,
अनेक उ. आ.

कोरं पाकीट पाठवायला मी काही तुमच्यासारखी गुप्तहेर नाही. चार ओळी लिहिते.

सोमवारी डॉक्टरकडे जाऊन आले. तू वेळ घेतली होतीस, त्या बिचाऱ्याला कशाला ताटकळत ठेवायचं. त्यांनी वार विचारला. मी सांगितला. मी तुला आत्याच्या नावाने हाक मारते असं छोटूने सांगितलं होतं, तेही म्हटलं, तर म्हणाले, माझी आई मला कुत्र्याच्या नावाने हाक मारते. त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलंय. जाईन. तुमचं तेवढं ऐकते.

तुमचा राग आला होता, तो सगळा गेलेला नाही. आई काहीतरी वेगळं म्हणते म्हटल्यावर आधी आईला तपासलंत, भिंतीवर जाऊन पाहायचं सुचलं नाही. पण मीही तेच केलं. चित्र वेगळं दिसल्यावर सरळ चोर शोधायला निघाले. तेव्हा एकमेकींना फार बोलण्यात अर्थ नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी स्वतः दुकानात गेले होते. त्या बाईंनी दोन्ही प्रती टेबलावर मांडल्या. संध्याकाळची पाहिली आणि माझं सगळं भाषण आपोआप तोंडात आलं. तिचे हात, न लावलेला दिवा, सगळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं मी चित्राकडे पाहतच नव्हते, नुसती बोलत होते. सकाळची पाहिली आणि बोलायला काहीच सुचेना. त्या बाईंनी खुर्ची दिली. बराच वेळ बसले होते. दुकानात नवीन लाकडाचा वास होता.

सकाळचीच घेतली. मोठ्या मापाची. छोटूने खिळे ठोकताना भिंतीचा बराच गिलावा पाडला, पण चित्राने झाकला जातो. रोज चहा घेऊन समोर बसते. तो रस्त्यावरचा माणूस एखाद्या दिवशी येताना दिसतो आणि एखाद्या दिवशी पाठमोरा. छोटू शपथेवर सांगतो की तो चाललाय. माझंही आता एक मत झालंय.

सुट्टी मिळेल तेव्हा मुलांना घेऊन ये. ज्याला जे दिसेल ते बघू दे. मी काही सांगणार नाही.

राग जवळजवळ संपलेली,
तुझी
आई